बाहेर बसायचे दिवस

बाया माझ्याकडं येतात त्या दुपारी, पुरुष माणसं घरात नसताना. पेठेतल्या बाया तशा तोंडाच्या तिखट, गल्लीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं बोलणाऱ्या. पण हे विचारायची वेळ आली की आवाज खाली येतो. 'बंद झालं वं. आता काय करायचं?' पाळी जाते, लेकी नांदायला जातात, सुना चूल धरतात आणि ही बाई मधल्यामध्ये उभी. आपण आता कशासाठी आहोत, हा तिचा खरा प्रश्न. मला तो लगेच ओळखू येतो, कारण मीही त्यात पुष्कळ वर्षं काढलीत.

महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. मंगळवार पेठेत आमचं घर, आम्ही दोघी जावा, आणि सासूबाई महाकरड्या. महिन्याचे तीन दिवस परसातल्या पडवीत काढायचे. चुलीला, देवाला, पाण्याला शिवायचं नाही. पलीकडच्या लिंगायतांत हे पाळत नसत. त्यांची बाई हळहळायची, 'वाळीत टाकल्यागत कशा गं बसता?' मी मनात म्हणायची, तुला काय ठाऊक. तेवढे तीन दिवसच काय ती पाठ टेकायला मिळायची. शिवाय आम्हा दोघींचं बाहेर बसणं बहुतेक एकदमच यायचं.

जाऊ माझ्याहून बरीच लहान, मुलींच्या शाळेत चार यत्ता शिकून आलेली. शिवायला घेतलेली वाकळ मांडीवर तशीच पडायची. ती सारवलेल्या जमिनीवर कोळशानं अक्षर काढायची, मी गिरवायची. माझं चुकलं की ती कपाळावर हात मारून घ्यायची. 'अवो अक्का, हे ळ न्हाय, जिलबी झाली.' त्या घरात मला चिडवणारं दुसरं कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी न्हायचं, पडवी सारवायची, की अक्षरं गेली. तरी मी जोडाक्षरांपर्यंत आले होते.

मग माझं थांबलं. मी कुणाला बोलले नाही. जाऊ बाहेर बसली की मीही घोंगडं उचलून तिच्या मागं. तिला ठाऊक होतं, गालात हसायची. निभलं असतं तसंच. पण नवरात्र आलं, आम्ही दोघी पडवीत, आणि सासूबाईंना गुडघ्यांनी उठवेना. 'घटाजवळ दिवा लावंल अशी एक बाई घरात न्हाय,' असं म्हणून त्या रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. तिथूनच सांगून टाकलं, 'आत्याबाई, माझं गेलंय.'

त्यांनी मला न्हायला लावून आत घेतलं, कुंकू लावलं. 'सुटलीस बाई. आता तू देवाची.' जन्मात कधी इतकं गोड बोलल्या नव्हत्या. मी हुरळून गेले. घटापुढं बसताना वाटलं, आता माझ्या असण्याला काहीतरी अर्थ आला.

अर्थ कसला, चूल आली! जाऊ बाहेर बसली की सगळंच माझ्या गळ्यात. तिला लांबून वाढायचं, शिवायचं नाही. ती कोळशानं काहीतरी लिहून बोट दाखवायची. मी धुरातून डोळे बारीक करून बघायची, तोवर इकडं भाकरी करपायची.

पुढं दिरांची नेमणूक मलकापूरला झाली. निघायच्या आधी ती शेवटची बाहेर बसली. मी ताट सरकवलं तशी तिनं शेजारची जमीन थोपटली. 'अक्का, बसा की जरा.' माझे हात पिठाचे, सासूबाई दारात. 'आता कसं गं बसू,' म्हणून मी आत गेले. बसले असते तर काय बिघडलं असतं? न्हाऊन पुन्हा आत आले असते. एका घागरीचं तर काम होतं. अजून ते आठवलं की जीव चुटपुटतो.

मलकापुरात पहिल्याच बाळंतपणात ती गेली. जोडाक्षर आलं की मी अजून अडते.

परवा एक बाई आली. बंद झालं म्हणून खुशीत होती, सासूला कधी सांगू विचारत होती.

'बाहेर बसतीस तवा शेजारी कोण असतं?'

'धाकटी जाऊ.'

'जीव लावती?'

'लावती की.'

'मग एवढ्यात सांगू नकोस.'

ती दचकली. 'आन देवाचं वं?'

'देव थांबतोय,' मी म्हटलं. 'तू जा, तिच्याजवळ बस.'