निदले मोजूनच नाव देणारे करंदीकरसर

करंदीकरसरांशी माझी ओळख सौदी अरेबियात अल-खोबरच्या आमच्या शाळेत मोहरीवरून झाली. त्यांच्या टेबलावर पाण्यात ठेवलेले पिवळे फूल पाहून मी, इतिहासाचा नवा शिक्षक, म्हणालो, "मोहरी वाटतं, सर?"

"निदलं मोजलीत?"

"म्हणजे?"

"कळीभोवतीची हिरवी आवरणं. मोहरीला चार असतात."

मोजली. चार भरली. सर म्हणाले, "आता म्हणा मोहरी."

यंदा आखातात युद्ध पेटले, शाळा बंद झाली, अनेक कुटुंबे मायदेशी गेली. सर थांबले. पाऊस होऊन वाळवंट फुलले होते आणि त्यांच्या वनस्पतींच्या यादीत एका पिवळ्या रानफुलापुढे चार वर्षे प्रश्नचिन्ह होते. ते खसखशीच्या कुळातले असावे असा त्यांचा कयास होता. पण त्या कुळात निदले दोनच, तीही फूल उमलताच गळतात. बंद कळी मिळत नव्हती. उन्हाळ्यात सर निवृत्त होऊन परतणार, म्हणजे हा शेवटचाच हंगाम.

फेब्रुवारीत मी त्यांना गाडीने धाहरानपलीकडे नेले. फुले मिळाली, कळी नाही. परतताना नाक्यावरच्या वयस्क शिपायाने सरांची गॅस मास्कची पिशवी उघडली. आत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली रोपे!

"मास्क कुठे आहे?"

"घरी. दोन्ही मावत नव्हतं," सर अरबीत म्हणाले.

"आणि हे काय?"

मी घाईने म्हणालो, "बकरीचा चारा."

"काहीतरीच काय सांगता हो!" सर मला मराठीत म्हणाले आणि शिपायाकडे वळले. "खसखशीच्या कुळातलं असावं. खात्री नाही."

सुट्टीहून येताना, इथे अमली पदार्थ म्हणून बंदी असलेली बॅगेतली खसखस आठवणीने काढून ठेवणाऱ्या आपणा सर्वांना माझी अवस्था कळेल.

शिपायाने फूल हुंगले. "हे? हे तर माझ्या शेळ्या खातात."

"बघा, चाराच!" मी पुटपुटलो.

"शेळ्यांनी कूळ सांगितलं का?" म्हणत सरांनी त्यालाच विचारले, "याची न उमललेली कळी कुठं पाहिलीत?"

तो आम्हाला नाक्याच्या तंबूमागे घेऊन गेला. तिथे सावलीत उशिरा वाढलेली रोपे होती. सर गुडघ्यांवर बसले, भिंगातून पाहिले, मग भिंग माझ्या हाती दिले. निदले दोन होती.

त्या दिवशी रोजनिशीत मी "सरांचा हट्ट" असे लिहिले. दुसऱ्या दिवशी खोडले. माझे खोटे खपले असते तर आम्ही सुखरूप घरी आलो असतो, कळीशिवाय. यादीत आता प्रश्नचिन्ह नाही. "कळी दाखवणारे" म्हणून त्या शिपायाचे नाव मात्र आहे.

साठी पूर्ण करणाऱ्या सरांना तीक्ष्ण नजर, न कुरकुरणारे गुडघे आणि पुष्कळ वर्षे लाभोत. आणि तिकडे त्यांची गाडी चालवायला माझ्याहून खरे बोलणारा कोणी मिळो.