इंगेगर्डकडची कॉफी

इंगेगर्ड नोर्लिन एकतीस वर्षं आमच्या ग्रानव्होगची टपालवाली होती. स्वीडनच्या या उत्तर किनाऱ्यावर घरं लांब लांब, त्यामुळे टपालपेट्या रस्त्याच्या तोंडाशी एका ओळीत. पिवळ्या गाडीच्या खिडकीतून तिचा हात बाहेर यायचा आणि गाडी पुरती थांबायच्या आत पत्रं ज्याच्या त्याच्या पेटीत. अक्षरावरून माणूस ओळखायची. माझ्या आईनं एकदा वर्षभर माझ्याशी अबोला धरला होता. तो संपला तेव्हा इंगेगर्डनं हॉर्न वाजवून मला रस्त्यावर बोलावलं आणि म्हणाली, "घे. राग उतरलाय बघ. पत्ता या खेपेला सरळ ओळीत लिहिलाय."

अशा बाईची नजर मधोमध गेली. कडेकडेचं दिसायचं, पण नेमकं जिथे बघावं तिथे राखाडी डाग. आधी तिला स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, तर तिनं सुतार बोलावला. सुतारानं पाणसळ लावून चौकट सरळ असल्याचं दाखवलं, तेव्हा म्हणाली, "तुझी पाणसळच बिघडलीय." मग डोळ्यात इंजेक्शनं झाली, दोन वर्षं. नंतर डॉक्टर म्हणाले, आता त्यांचा उपयोग नाही.

उपयोग होता तो पंचावन्न किलोमीटरवरच्या दृष्टी-केंद्राचा. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा. उरलेल्या कडेच्या नजरेनं वाचायचं कसं, पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडायचा कसा, शेगडीपाशी हात भाजून न घेता उभं राहायचं कसं, हे तिथे शिकवतात. अकरा महिने रांगेत काढल्यावर तिचा नंबर लागला. चौदा एप्रिल. त्या दिवशी हजर नसेल, तर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला.

जायचं कसं, एवढाच प्रश्न होता. बस दोनदा बदलावी लागते आणि तिला बसवरचा आकडा दिसत नाही. मी शेजारीच राहते, पण मला फिट्स येतात म्हणून लायसन्स नाही. माझा नवरा कागद गिरणीत पाळ्यांवर. नगरपालिकेची गाडी मिळते, पण गरज आहे की नाही हे त्यांची बाई घरी येऊन बघते.

"पलीकडच्या म्हाताऱ्या एलॉफकडेही अशीच बाई कागद घेऊन आली होती," इंगेगर्ड म्हणाली. "महिन्याभरात एलॉफ वृद्धाश्रमात."

"एलॉफ स्वतःचं नाव विसरायचा. तुझं तसं नाही."

"कागदावर सगळं सारखंच दिसतं. मी टपालात काम केलंय, मला सांगू नकोस."

म्हणून त्या बाईपुढे आपलं सगळं नीट चाललंय असंच दाखवायचं तिनं ठरवलं. त्याच वेळी मी तिला अडवायला हवं होतं. उलट मी मदत केली. चार दिवस आम्ही तालीम केली. टेबलापासून ओट्यापर्यंत पाच पावलं. कप डावीकडच्या कपाटात, मधल्या फळीवर, कान उजवीकडे. कॉफी ओतताना आवाज बारीक झाला की थांबायचं. आमच्या आयांच्या काळापासून पाहुण्यापुढे सात प्रकारची बिस्किटं ठेवायची पद्धत. सहा ठेवली तर आळस, आठ ठेवली तर मिजास. इंगेगर्डनं सातही प्रकार केले, पीठ बोटांनी चाचपून, भट्टीचं बटण टकटक मोजून. दोन ट्रे करपले. ते मी माझ्या घरी नेले आणि तिच्या बाहीवरचा जळका डाग आतून ठिगळ लावून झाकला.

नगरपालिकेची यानिना आली. तरुण, सौम्य मुलगी. बूट दारात काढून, हातात वही घेऊन आत आली. इंगेगर्डनं आवाजाच्या रोखानं मान धरली होती, अगदी डोळ्यात डोळे घालून बोलल्यासारखी. पाच पावलं. कप. कॉफी काठोकाठ आणि बशीत थेंब नाही.

"हे सगळं तू स्वतः केलंस?" यानिनानं विचारलं.

"मग काय, शेजारीण करणार? हिची बिस्किटं दाताला लागतात."

मी हसले. यानिनाही हसली आणि तिनं लिहून घेतलं.

दहा दिवसांनी पत्र आलं. ज्या बाईनं गावाला आयुष्यभर पत्रं पोचवली, ती स्वतःचं पत्र माझ्याकडे वाचायला घेऊन आली. मी वाचलं : अर्जदार घरात आत्मविश्वासाने वावरते. स्वतः बेकिंग करते. बसने प्रवास करण्यास सक्षम. अर्ज नामंजूर.

तिनं पत्र माझ्या हातातून घेऊन घडी घातलं. मग म्हणाली, "कुठलं बिस्किट आवडलं, ते लिहिलंय का?"

दुसऱ्या दिवशी मला न सांगता ती थांब्यावर गेली. इंजिनाची घरघर ऐकली, कडेनं काहीतरी मोठं येताना दिसलं, तिनं हात दाखवला. तो लाकडं वाहणारा ट्रक होता. ड्रायव्हर भला माणूस. ट्रक थांबवून म्हणाला, "आजी, ओंडक्यांवर बसणार असशील तर जागा आहे." त्याला काय माहीत. मागून खरी बस आली ती या ट्रकला वळसा घालून निघून गेली. परत येताना ती आपलीच गल्ली चुकली आणि टपालपेट्यांच्या ओळीला धरून उभी राहिली. तिथून मी तिला घरी आणलं. हात बर्फासारखे होते.

तीन दिवस तिनं दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी दाराआडूनच बोलली. "अजून अकरा महिने मला या घरात काढता यायचे नाहीत. मी जळून तरी जाईन, नाहीतर कुठेतरी पडून राहीन. खरं सांगतेय."

मी नगरपालिकेला फोन केला. यानिना म्हणाली, नऊ तारखेला पुन्हा येते, पण या वेळी जे बघेन तेच लिहीन.

"आता फक्त खरं ते दाखव," मी इंगेगर्डला म्हणाले.

"नाही जमणार. कोणी आलं की माझे हात आपोआप नीट वागतात. मला आंधळेपणाचं नाटक येत नाही."

"नाटक तर तू मागच्या खेपेला केलंस."

तिनं ओठ आवळले. मग अगदी हळू म्हणाली, "तू हलव. कप, कॉफीचा डबा, खुर्ची. ती यायच्या आधी, मी अंघोळीला गेले की. कुठे ठेवलंस ते मला सांगू नकोस."

"इंगेगर्ड, तू भाजशील."

"भाजेन."

नऊ तारखेला न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता आणि मी तिच्या कपाटासमोर उभी होते. कप उजवीकडे नेले. डबा खाली. खुर्ची दोन पावलं अलीकडे, तिच्या वाटेत. किटलीत मात्र मी कोमट पाणी घातलं आणि तिचा प्लग काढून ठेवला. तेवढं मी तिला विचारलं नाही.

यानिना आली, बसली. इंगेगर्ड उठली आणि तिसऱ्याच पावलाला खुर्चीवर आपटली. "काही नाही, काही नाही," म्हणाली आणि डावीकडचं कपाट उघडून मधल्या फळीवर हात नेला. फळी रिकामी. हात वरच्या फळीवर गेला, खालच्या फळीवर गेला, पुन्हा मधल्या. मी माझे दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसले होते. आपण हलवायला सांगितलंय हे तिला ठाऊक होतं, तरी तिचा चेहरा हे सगळं आत्ताच कळल्यासारखा पांढरा पडला. कुणाचंतरी घर चुकून उघडलं असावं तसं तिनं कपाट हळूच लावलं.

"कप कुठे आहेत, इंगेगर्ड?" यानिनानं विचारलं.

"मला माहीत नाही."

"नेहमी कुठे असतात?"

"नेहमी..." ती म्हणाली. ओट्याला दोन्ही हातांनी धरून ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मग तशीच, पाठमोरीच, तिनं सगळं सांगितलं. ट्रक सांगितला. बाही सांगितली. चार दिवसांची तालीमही सांगितली आणि माझं नाव घेतलं. "आज सामानही हिनंच हलवलंय. मीच सांगितलं होतं. तुला फसवायला नाही. बाहेर कुठे काय आहे हे मला कोणीच सांगत नाही, ते तुला कळावं म्हणून."

यानिनानं वही मिटली. आता ही काय लिहील, दोघींवरही ठपका ठेवेल का, माझ्या मनात तेवढंच होतं. शेवटी ती उठली आणि खुर्ची सरकवून भिंतीला लावली. "मागच्या वेळी मी कॉफी पीत बसले," एवढंच म्हणाली. तिनं वरिष्ठांना फोन केला तो बाहेर, पायरीवर उभं राहून; आम्हाला काही ऐकू आलं नाही. तेरा तारखेला संध्याकाळी मंजुरी आली.

आता गाडी दर मंगळवारी आणि शुक्रवारी येते. इंगेगर्ड काठी शिकतेय, भिंगाच्या दिव्याखाली एकेक अक्षर लावतेय, शिकवणाऱ्यांना नावं ठेवतेय. गेल्या आठवड्यात तिनं माझ्या आईच्या जुन्या पाकिटावरचा पत्ता वाचला. त्याला अर्धा तास लागला.

कप मी नऊ तारखेच्याच दुपारी जागेवर ठेवले, कानही उजवीकडे केले. तरी ती कपाट उघडते तेव्हा आधी तिन्ही फळ्या चाचपते, मग उजवीकडचंही कपाट उघडून बघते. पूर्वी पाच पावलं सरळ चालायची. आता हात पुढे धरून, प्रत्येक पावलाला थांबून.

"मी काही हलवलेलं नाही गं," मी म्हणते.

"माहीत आहे," ती म्हणते आणि चाचपत राहते.