बेबाअक्काची पिलबाग

पडदा वर जातो. असोद्याचं शिवार, चैत्राचं ऊन, मधोमध केळीची बाग आणि आत हिरवा अंधार. त्यातून लुगड्याचा काचा मारलेली, हातात विळा घेतलेली म्हातारी बाहेर येते. रसिकहो, ही माझी थोरली बहीण बेबाबाई. नातवंडांची आजी, माझी अक्का. अशी एंट्री आमच्या नाटक मंडळीतल्या एकाही राजाला जमली नाही.

भाऊजी दारू पिऊन तिला मारायचे. एका दुपारी तिने मुसळ उचललं आणि त्यांचा हात मोडला. मग तो जुळेपर्यंत रोज स्वतःच्या हाताने त्यांना वरण-बट्टी भरवली. पुन्हा त्यांनी हात उगारला नाही.

भाऊजी गेल्यावर ती एकटीच शेत कसायची. मुलगा गिरधर धुळ्याला देवपुरात राहतो. त्याने एकदा सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं, "आई, या बागेचं काही बरंवाईट झालं, तर तू माझ्याकडे येऊन राहायचं. मग नाही म्हणायचं नाही."

हे दिराच्या मुलाने, छगनने ऐकलं. काकू देवपूरला गेली, की शेत त्याच्याच हाती येणार होतं.

त्या चैत्रात मी अक्काकडे गेलो होतो. बांधावरच्या निंबाखाली चहा घेत होतो, तोच बागेतून फसाक् फसाक् आवाज आला. छगन पलीकडच्या टोकापासून कोयत्याने घड लागलेल्या केळी आडव्या करत आला होता, अर्धी बाग झोपली होती. मी नाटकातल्या आवाजात गरजलो, "थांब, नराधमा!"

"नाना, आज तिकीट नाही," छगन हसला. "बसा निवांत, पाहा."

अक्का विळा घेऊन माझ्या शेजारून वाऱ्यासारखी गेली आणि पुढच्या केळीला मिठी मारून उभी राहिली. कोयता निघाला होता, तो थांबला नाही. तिची दोन बोटं मातीत पडली. तिने दुसऱ्या हातातला विळा छगनच्या मांडीत मुठीपर्यंत घातला आणि ओढला. तो गुरासारखा ओरडत, रक्त सांडत पळाला.

मी आयुष्यभर लाकडी तलवारींनी माणसं मारली, कुंकवाच्या पाण्यात न्हालो. तिथं मात्र मी निंबाला धरून उभा होतो. अक्काने केळीच्या खोडाचं सोपट सोलून हाताला आवळून बांधलं आणि म्हणाली, "नाना, बोटं उचल. कुत्रं नेईल."

जळगावच्या दवाखान्यात तिने सांगितलं, विळा लागला. छगननेही तेच सांगितलं. त्याचं तरी खरं होतं.

गिरधर धावत आला. "आई, बाग संपली. आता चल."

"खोड कापलं म्हनजे केयी मेली का रे? कंद जमिनीत हाये."

आणि कापलेल्या खोडांशेजारून पिलं वर आली. उरलेल्या बोटांनी तिने त्यांची पिलबाग वाढवली. पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येक पिलाला घड लागला, पायाशी पुन्हा नवं पील. गिरधर या वेळी तिला न्यायला नाही, मदतीला आला.

घड उतरवायच्या दिवशीच तिला धाप लागली. गिरधरने आणि मी तिला निंबाखाली खाटेवर निजवलं. गिरधर गाडी आणायला धावला. तेवढ्यात बांधावर छगन लंगडत आला आणि मान खाली घालून रडू लागला. अक्काने डोळे उघडले. उशाचा विळा चाचपला आणि त्याच्याकडे सरकवला.

"रडतो काय, मेल्या? घड उतरव. पन पिलाले धक्का लागला, त दुसरी मांडी हाये तुही."