चार तुकड्यांची कादंबरी

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. दर रविवारी चार वाचणारी माणसं चहाला एकत्र बसवा, वर्षभरात माळा भरतो. आमच्या जबलपूरच्या वाचन मंडळाचं तेच झालंय.

मंडळ म्हणजे चारच जण. मी, इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातली रिटायर्ड शिक्षिका. दीक्षितपुऱ्याचे वानखेडे, ज्यांना घरात काही मोडलं की दुरुस्तीला मिळालं म्हणून मनापासून आनंद होतो. गच्चीवर मिरच्यांपासून मोगऱ्यापर्यंत सगळं वाढवणाऱ्या लांजेवारताई. आणि महाराजपूरचे मेश्रामजी. अध्यक्ष कोणी नाही, पण मेश्रामजी बोलायला लागले की बाकीचे गप्प बसतात.

*

मराठी पुस्तक इथे सहज मिळत नाही. कोणी लग्नाला नागपूरला गेलं की येताना एखादं आणतं. त्या फाल्गुनात लांजेवारताईंनी चांगली जाडजूड कादंबरी आणली आणि आधी कोणी वाचायची यावरून आमची जुंपली.

वानखेड्यांना बायंडिंगचा नाद. ते पुस्तक घरी घेऊन गेले आणि पुढच्या रविवारी त्याचे चार भाग करून आले. प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर, वर नंबर. म्हणाले, आता सगळे एकदमच वाचा. पुस्तकाची अशी वाटणी करणारं मंडळ दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. चिठ्ठ्या टाकल्या. मेश्रामजींना पहिला भाग आला, मला दुसरा, लांजेवारताईंना तिसरा. चौथा खुद्द वानखेड्यांना.

*

लांजेवारताई गच्चीवर कुरड्या वाळत घालून राखणीला बसल्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाग तिसरा. माकडं आली, निवांत जेवली आणि निघून गेली. खाली सूनबाई ओरडत होती तरी ह्यांनी मान वर केली नाही.

"अवं, कादंबरीत नवरा मरून राहिला होता," ताई म्हणाल्या. "मी कुरड्यांकडे कशी पाहू?"

*

तोच नवरा रविवारी आमच्याकडे पुन्हा मेला. ताई डोळे पुसत त्याच्या आजारपणाचं सांगत होत्या आणि पहिल्या भागातले मेश्रामजी अस्वस्थ होत होते. शेवटी त्यांनी हात जोडले.

"ताई, माझ्याकडे त्याचं कालच लग्न झालं. दोन दिवस तरी जगू द्या त्याला."

*

वानखेड्यांकडे तेव्हा रंगकाम चालू होतं. होळीत पोरांनी ओसरीची भिंत जांभळी करून टाकली होती. रंगारी कशाला, म्हणून हे स्वतः पिस्ता रंगाचा डबा घेऊन स्टुलावर चढले, काखेत भाग चौथा. वाचता वाचता एकाच भिंतीला दोनदा रंग दिला आणि शेजारची तशीच ठेवली. वहिनींनी चहा दिला तर ब्रश कपात बुडवला.

आम्ही चौथा भाग मागितला की ते रंग वाळायचाय म्हणायचे. हे उत्तर आम्हाला जरा विचित्र वाटायचं.

*

मेश्रामजींचं आता सांगायला हवं. त्यांच्या मुलाने रश्मीशी लग्न केलं. माहेर हिंदी, मुलगी गोड. मुलाची नोकरी भोपाळला, म्हणून घरात सासरे आणि सून दोघंच. रश्मीला मराठी समजायचं, पण सुरुवातीला एकदा बोलायला गेली तर नातेवाईक हसले. तेव्हापासून तिने तोंड उघडलं नाही. दोघांचं बोलणं जेवण आणि औषध यापुढे जात नसे. मेश्रामजी एकदा मला म्हणाले होते की त्यांच्या घरात मराठी त्यांच्यापर्यंतच आहे. ते मला फार लागलं होतं.

लगेचच्या चैत्रात त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा व्हायचाच होता, त्यामुळे वाचणं पूर्ण बंद. कादंबरी मध्येच अडकलेली. आम्ही आळीपाळीने जाऊन वाचू म्हटलं, तर रश्मी दारातून म्हणाली, "मैं पढ़ दूँगी ना. अक्षर तो वही हैं."

तिने दुसरा भाग वाचला, मग तिसरा. 'ळ' आला की थांबायची, मेश्रामजी म्हणून दाखवायचे. हळूहळू ती मध्येच विचारायला लागली, की ही बाई नवऱ्यामागे सासरी काहून परत चालली? मग त्यावर अर्धा तास वाद. चौथा भाग आम्ही सर्वांनी मिळून वानखेड्यांकडून काढून घेतला आणि आधी मेश्रामजींकडे पाठवला.

*

ते पुन्हा मंडळात आले तेव्हा त्यांनीच शेवट सांगितला. विधवा झालेली ती बाई पेटी घेऊन सासरच्या दारात उभी. आत जायची हिंमत होत नाही. तर म्हातारा सासराच दार उघडतो, पेटी हातातून घेतो आणि स्वतः चहा ठेवायला जातो. साखर कुठे असते हे त्याला माहीत नसतं, म्हणून ती आत जाते. बस, एवढंच. लांजेवारताईंनी पदर डोळ्याला लावला. मलाही भरून आलं.

वानखेडे मात्र पांढरे पडले होते. घरी जाताना त्यांनी मला रस्त्यातच थांबवलं. रंगाचा डबा चौथ्या भागावर सांडला होता. शेवटची दहा-बारा पानं चिकटून पिस्ता रंगाची वीट झाली होती. ती कापून त्यांनी माळ्यावर टाकली आणि बाकीचं नीट शिवून दिलं.

"बाई दारात उभी राहते, तिथं माझा भाग संपते," ते म्हणाले. "मग मेश्रामजींनी पुढचं ऐकलं कुठून?"

*

मी दुसऱ्याच दिवशी महाराजपूरला गेले. रश्मी अंगणात कुंड्यांना गेरू लावत होती. विचारल्यावर तिचे डोळे भरले. बाबूजी दोन दिवसांपासून शेवटाची वाट पाहत होते, डॉक्टरांनी जीवाला त्रास देऊ नका सांगितलेलं. पान संपलं आणि पुढे काहीच नव्हतं. "तो मैं बोलती गई, मौसीजी. त्यांना सांगू नका, प्लीज."

नाही सांगणार म्हटलं. ती हात धुऊन चहा ठेवायला आत गेली. मेश्रामजी काळा चष्मा लावून ओसरीत बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"तुम्हीपण तिले काही म्हणू नका, ताई. त्या दिवशी अर्धा तास झाला, तरी पान पलटल्याचा आवाज नाही. मले तवाच समजलं. पण पोरगी मराठीत बोलून राहिली होती, मी मधात कसा बोलू?"