नंदाच्या बांधातला आवाज

नंदा ठोंबरेकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते आवाजामुळे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सकाळी शहराबाहेर, भैरवगढच्या पुढे फिरायला जात असे. एका शेतात भोपळ्याचे वेल पिवळ्या फुलांनी भरले होते आणि मधमाश्यांची गुणगुण येत होती. जवळ गेलो तर माशी एकही नाही. एक बाई वाकून बारीक ब्रशने एका फुलातले परागकण दुसऱ्या फुलाला लावत होती आणि ओठ मिटून गुणगुणत होती. मला पाहून ती थांबली. मग जशी शांतता पसरली, तशी मी फुललेल्या शेतात कधी अनुभवली नव्हती.

"माझ्या मुलाचे, अनिकेतचे सर ना तुम्ही? घाबरलात?" ती हसली. "आमचे हे होते ना, ते काम करताना असेच गुणगुणायचे. आता मलाही त्याशिवाय हात चालत नाही."

नवरा गेल्यावर तिने त्याचा बांध त्याच्याहून लख्ख ठेवला होता. ज्याची मेड, म्हणजे बांध, साफ तो किसान चांगला, असं इथे मानतात. दर उन्हाळ्यात ती गवत जाळायची, वर औषध फवारायची. कृषी खात्याच्या बाईंनी सांगितलं की रानातल्या मधमाश्या त्याच मातीत बिळं करून राहतात. आपणच त्यांना जाळलं, हे नंदाला त्या दिवशी कळलं. खात्याची एक योजना होती: दोन वर्षं बांध जाळायचा नाही, नांगरायचा नाही, त्यावर फवारायचं नाही; रानफुलांचं बी खातं देणार. नंदाने ती घेतली. तिचा दीर श्रीधर मात्र म्हणाला, भोपळे धरले नाहीत तर शेत बटाईने, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला देऊन टाकू.

दुसऱ्या वर्षी तो बांध नांगरायला ट्रॅक्टर घेऊनच आला. मी तिथेच होतो.

"वहिनी, लोक हसतात. दादाच्या माघारी मेडीवर जंगल माजलंय."

"हसू देत. आधी ते धूड बंद कर."

"का, मुहूर्त काढायचाय?"

"बंद कर रे. कान लाव मातीला."

तो कुरकुरत गुडघ्यांवर बसला. मीही वाकलो. निळ्या रानफुलांखाली, मातीच्या आतून, एकसारखी गुणगुण येत होती. ऊन लख्ख होतं, वारा नव्हता. नंदाचे ओठ मिटलेले, गळा स्थिर. मी मुद्दाम पाहिलं.

"दादा..." म्हणत श्रीधर हात झटकून उठला.

"माश्या आहेत," नंदा म्हणाली. पण पदर सावरून तिने बांधाला हात जोडले.

ट्रॅक्टर आल्या वाटेने परत गेला. त्या मोसमात वेलांना भोपळे लागले आणि शेत तिच्याकडेच राहिलं.

नंदा आता देवास गेटच्या बाजारात भोपळे विकते. शेतात काम करताना ती स्वतः गप्प असते; गुणगुण बांधातून येते.