टाळी वाजेपर्यंत

दादा आणि मी मुके विनोदी व्हिडिओ करायचो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. सकाळी बाळापुरात भाजीचं दुकान लावायचं आणि दुपारी मोबाइलसमोर पडायचं, हा त्याचा दिवस. तो टोपल्यांत पडे, चिखलात पडे, शिंप्याच्या पायरीवरून पडे. मी मोबाइल धरून सगळ्यांवर खेकसत असे. नियम एकच, आणि तो माझा: मी टाळी वाजवेपर्यंत कोणी बोलायचं नाही, दादाला हात लावायचा नाही. एकदा त्याचं कोपर फुटलं, रक्त आलं, तरी पठ्ठ्या टाळीपर्यंत गप्प पडून राहिला. मला केवढा अभिमान वाटला! आज आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटते.

व्हिडिओ लोकांना लय आवडले. कोणीतरी सुचवलं, दादा जिथे जिथे पडला त्या जागा पायी फिरून दाखवा. एका रविवारी अकोला-अमरावतीहून दहा-बारा जण आले.

निघण्याआधी दादाच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. तो हाताकडे बघतच राहिला.

"काहून रे दादा, घरूनच सुरू झाला का?" मी हसलो.

"हात झोपला वाटते. आज राहू दे ना."

"लोक येऊन बसले! आता काय सांगू त्याईले?"

तो उठला. माझ्या शब्दाबाहेर तो कधी जायचा नाही.

बाजारातून निघालो तर त्याचा डावा पाय फरफटत होता. शिंप्याच्या पायरीपाशी चप्पल निघाली, पुढे पुन्हा निघाली. लोक हसून लोळायचे बाकी. एकाने विचारलं, "ही चाल नवी आहे का?" मी छाती फुगवून म्हणालो, "हो, नवीच!" खरं तर अशी चाल आमची ठरलीच नव्हती. पण लोक खूश होते ना.

शेवटची जागा म्हणजे किल्ल्याखालच्या नदीच्या पायऱ्या. तिथे फुलं विकणारी माळीण काकू बसते. तिने दादाकडे पाहिलं आणि हातातला हार खाली ठेवला.

"बाबू, तुह्या भावाचं तोंड वाकडं दिसून राहिलं."

"तो तसाच करते काकू. तुमी गप बसा."

मी पाहुण्यांना नियम सांगितला आणि मोबाइल उचलला. सगळे चिडीचूप. दादाला शेवटच्या पायरीवर घसरायचं होतं. तो पहिल्याच पायरीवर कोसळला. पडताना तो नेहमी हात पुढे टाकायचा, या वेळी हात आलाच नाही. लोक तोंडावर रुमाल धरून हसू दाबत होते. दादा उजवा तळहात दगडावर आपटत होता, हळूहळू. मी मनात म्हटलं, वा दादा, काय सुचलं तुला! आणि टाळी वाजवलीच नाही. अजून किती ताणतो ते बघायचं होतं.

शेवटी काकूच किंचाळली. "मुर्द्या, उचल ना त्याले!"

मी तिच्यावरच भडकलो, "शूटिंग सुरू आहे ना!" मग दादाचे डोळे दिसले. तो नदीकडे नाही, लोकांकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होता.

अकोल्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "पडल्याबरोबर आणलं का?" मी हो म्हणालो.

दादा वाचला. डावी बाजू गेली. बोलायला जातो तर नुसती घरघर होते. आता दुकान मी चालवतो, तो शेजारी खुर्चीवर बसतो. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच दिवशी मी गिऱ्हाइकाला वांगी तोलत होतो आणि मागून थप थप ऐकू आलं. दादाला पाणी हवं होतं. उजवा तळहात फळीवर आपटून तो मला बोलावत होता. माझ्या हातातली तागडी सुटली. पायऱ्यांवर तो हेच करत होता. मी टाळी वाजवत नव्हतो, म्हणून बिचारा स्वतःच वाजवत होता.