थर्मोपिलीच्या वहिनी

"भावजी, तुम्हाला नीट मरता येतं का?" हा वहिनींनी मला विचारलेला पहिला प्रश्न. आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनला राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता आणि स्टेशनजवळच्या त्यांच्या घरी मी डबा लावायला गेलो होतो. पोळ्या किती, भाजी तिखट की बेताची, एवढंच बोलणं होईल अशी माझी भाबडी समजूत. वहिनी पोळी लाटता लाटता मला खालून वर न्याहाळत होत्या. मी म्हटलं, अजून तशी वेळच आली नाही. "बरं, पडून दाखवा," म्हणाल्या. आणि देवाशपथ सांगतो, मी त्यांच्या स्वयंपाकघरात फरशीवर पडून दाखवलं. "गुडघे आधी टेकताय. शिकवीन मी," असं म्हणून त्यांनी डब्यासाठी पत्ता विचारला.

वहिनी मूळच्या सांगलीच्या. नवऱ्याच्या, म्हणजे सतीशच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी आयर्लंडला आल्या आणि बघता बघता अर्ध्या ॲडम्सटाउनला पोळीभाजी पोचवू लागल्या. रिकामं बसलेलं माणूस त्यांना बघवत नसे. चहाला गेलं की चहाच्या आधी मटाराच्या शेंगांचं ताट पुढ्यात यायचं. "याल का?" असं त्या कधी विचारायच्या नाहीत, "किती वाजता येताय?" असंच विचारायच्या. आम्ही त्यांना पाठीमागे सरसेनापती म्हणायचो. सतीश तोंडावर म्हणायचा आणि हसत हसत सांगितलेलं काम करायला जायचा.

डबे पोटापाण्यासाठी, जीव मात्र नाटकात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतलं नाटक दर वर्षी वहिनीच बसवायच्या. आणि त्यांचं एकही नाटक कधी शेवटपर्यंत झालं नव्हतं! कार्यक्रमात नाटक कायम शेवटी. आधी पोरांचे नाच, मग वेशभूषा, मग अध्यक्षांचे "दोन शब्द". हॉल संध्याकाळी सहापर्यंतच आपला. सहाला केअरटेकर किल्ल्या वाजवत आला की खेळ खलास. पहिल्या वर्षी नाटकातलं लग्न लागायच्या आत दिवे गेले. दुसऱ्या वर्षी रहस्यनाटक होतं, त्यात मी प्रेत. इन्स्पेक्टर "खुनी इथंच आहे" म्हणून बोट उचलतो, तोच किल्ल्या वाजल्या. पुढं कितीतरी दिवस लोक मला ट्रेनमध्ये गाठून खुनी कोण ते विचारायचे. मला काय ठाऊक? मी पहिल्याच प्रवेशात मेलेलो. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, नाटक पुरं झालं की कळेल. त्या गमतीनं म्हणत नव्हत्या. त्यांना ते फार लागलं होतं.

तिसऱ्या वर्षी वहिनींनी थर्मोपिली काढलं. ग्रीसमधली डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी वाट, समोर इराणच्या बादशहाची अफाट फौज आणि वाट अडवून उभे मूठभर ग्रीक. एक फितूर शत्रूला डोंगरातली चोरवाट दाखवतो, तेव्हा ग्रीकांचा राजा लिओनिडास बाकीच्यांना परत पाठवतो आणि थोड्या लोकांनिशी मरायला मागे राहतो. मी म्हटलं, वहिनी, आपली पावनखिंड असताना हे कशाला? त्या म्हणाल्या, "पावनखिंड केली तर पगडीच्या आकारावरून कमिटी फुटेल. ग्रीकांवरून भांडायला ॲडम्सटाउनमध्ये कोण येतंय?" मुद्दा बिनतोड होता.

अडचण निघाली ती पात्रांची. जो तो म्हणे, मला इराणी करा! कारण इराण्यांना लग्नातल्या शेरवान्या, मोत्यांच्या माळा, फेटे. ग्रीकांना हाफपँट. सप्टेंबरातल्या आयर्लंडमध्ये हाफपँट घालून देशासाठी मरायला कोण तयार होणार? इराणच्या फौजेत भारतातून मुलांकडे आलेले आईबाबासुद्धा भरती झाले. एका काकूंनी तर पैठणी नेसून हत्तीदळाचं नेतृत्व मागितलं. सतीश बादशहा झाला. त्याला ऑफिसची चाकांची खुर्ची सिंहासन म्हणून मिळाली, तेवढ्यावर गडी खूश होता. ग्रीक उरलो आम्ही सहा-सात जण, वहिनींकडे डबा लावलेले, म्हणजे नाही म्हणायची सोय नसलेले. ढाली म्हणजे वहिनींच्या पराती. तालमीच्या दिवशी कणीक मळायला परात नसे, म्हणून त्या दिवशी सगळ्यांच्या डब्यात भात यायचा.

तालीम स्टेशनमागच्या हिरवळीवर. वहिनी आम्हाला मरायला शिकवायच्या, आणि काय शिकवायच्या! "घाई करू नका. आधी भाला पडू द्या, मग तुम्ही. पडताना ढाल शेजारच्यावर धरा." कुत्रं फिरवायला आलेल्या आजीबाई रोज थांबून बघायच्या. एकदा त्यांनी विचारलं, हे ग्रँड चाललंय, पण तुम्ही उठून परत परत का पडता? वहिनींची मुलगी तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, मॅमला, म्हणजे आईला, अजून कुणाचंच मरण आवडलेलं नाही.

आणि ऐन तालमीत बातमी आली. सतीशची नोकरी कॅनडात हलली. गणपती झाले की लगेच निघायचं. डब्यांचं काय, असं कुणीतरी मूर्खासारखं विचारलंसुद्धा. वहिनी परातीला चिकटलेली कणीक नखानं खरवडत होत्या. "एक तरी नाटक शेवटपर्यंत करून जाते," एवढंच म्हणाल्या आणि आम्हाला पुन्हा मरायला उभं केलं. त्या दिवशी कुणी थंडीची तक्रार केली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी व्हायचं तेच झालं. चिमुकल्यांच्या नाचाला वन्स मोअर मिळाला, अध्यक्षांचे दोन शब्द काही केल्या संपेनात. नाटक सुरू झालं तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. वहिनी विंगेतून हातानं भराभर पुढं, पुढं करत होत्या. इराणची फौज आली ती स्टेजवर मावेना. मागचे इराणी पायऱ्यांवर उभे राहून नातेवाइकांना हात करत होते. फितूर चोरवाट सांगतोय, एवढ्यात दारात किल्ल्या वाजल्या. वहिनींचा चेहरा उतरला. "भावजी, जा. अडवा त्याला," म्हणाल्या.

मी हाफपँट, छातीला चिलखत म्हणून बेकिंगचा ट्रे आणि हातात परात अशा अवतारात दाराशी गेलो. केअरटेकर डेक्लन साठीचा असेल. मंडळाचे कार्यक्रम पाहून तो इतका निर्ढावला होता की माझ्या वेशाबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. मी काकुळतीला येऊन सांगितलं, परकी फौज देश गिळायला आलीय आणि आम्ही मूठभर लोक वाट अडवून उभे आहोत, फक्त शेवटचा प्रवेश राहिलाय. त्यानं स्टेजकडे पाहिलं.

"मग, जिंकता का तुम्ही?"

"नाही. सगळे मरतो."

डेक्लननं किल्ल्या खिशात टाकल्या. "हरणार असाल तर बघूनच जातो," तो म्हणाला. "आमच्याकडे गाणी असल्याच लोकांची म्हणतात." आणि एक खुर्ची ओढून बसला.

मी धावत आलो आणि आम्ही मेलो. असे मेलो की काय सांगू! भाला आधी, माणूस मग, ढाल शेजारच्यावर. लिओनिडास सगळ्यात शेवटी पडला. आणि मग लक्षात आलं की पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नाही. पडदा नव्हताच. नाटक संपल्यावर काय करतात हे वहिनींनी बसवलंच नव्हतं, त्यांच्यावर तशी वेळ कधी आलेली नव्हती! आम्ही आपले पडलेलो, इराणी उभे, वहिनी विंगेत तोंडावर पदर धरून थिजलेल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" आणि सगळा हॉल तेच ओरडू लागला. मी एक डोळा उघडून डेक्लनकडे पाहिलं. त्यानं हातानंच चालू द्या म्हटलं.

आम्ही उठलो. पण एक ग्रीक त्या दिवशी कामावर ऑन-कॉल होता, त्याचा फोन वाजला आणि तो मेलेल्या अवस्थेतूनच थेट पार्किंगमध्ये पळाला. मोकळ्या जागी कोण? वहिनींनी पदर खोचला, त्याची परात उचलली आणि येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. बादशहाच्या खुर्चीवरून सतीश "अगं, अगं" करत उठला, तर त्याला म्हणाल्या, "बसा. मारा आम्हाला."

त्या मेल्या, आणि फार सुंदर मेल्या. टाळ्या थांबेनात. आता उठून नमस्कार करावा म्हणून मी हात टेकला, तर त्यांनी माझी बाही धरली. डोळे मिटलेले, गालावरून पाणी चाललेलं आणि हसू काही आवरत नव्हतं.

"उठू नका भावजी," वहिनी म्हणाल्या. "उठलं की संपलं."

मी शेजारच्याला कोपरानं खूण केली, त्यानं त्याच्या शेजारच्याला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, डेक्लनही वाजवत होता, आणि आमच्यातलं कुणी म्हणजे कुणी उठलं नाही.